पट्टी न सोडता

१९०३ साली कैरोच्या रस्त्यावरून एक घोडागाडी एका खासगी शुश्रूषागृहाकडे निघाली होती. गाडीत ग्राफ्टन इलियट स्मिथ होता, कैरोच्या वैद्यकीय विद्यालयातला शरीररचनाशास्त्राचा तरुण प्राध्यापक. त्याच्याबरोबर हॉवर्ड कार्टर होता, पुरातत्त्व खात्याचा निरीक्षक. तूतनखामूनच्या थडग्याने त्याचे नाव जगभर व्हायला अजून एकोणीस वर्षे होती. तिसऱ्या प्रवाशाला मरून तीन हजारांहून अधिक वर्षे झाली होती. तो होता इजिप्तचा राजा चौथा थटमोस. त्या शुश्रूषागृहात क्ष-किरणांचे यंत्र होते, आणि राजाचे वय हाडांवरून ठरवता येते का हे इलियट स्मिथला पाहायचे होते.

राजाच्या पट्ट्या त्याआधीच सोडल्या गेल्या होत्या. कार्टरलाही तेव्हा त्यात वावगे वाटले नसावे, कारण पुढे १९२५ मध्ये त्याच्याच देखरेखीखाली तूतनखामूनच्या ममीवर सुऱ्या चालल्या. तरीही त्या दिवशीच्या फेरीला इतिहासात जागा आहे. राजदेह दवाखान्याच्या यंत्रासमोर ठेवून त्याला प्रश्न विचारण्याची ही सुरुवात होती. पुढच्या सव्वाशे वर्षांत ही रीत इतकी पालटली की ज्या ममीची एकही पट्टी सुटलेली नाही तिच्या कमरेच्या पट्ट्यातले सोन्याचे मणी मोजता आले, आणि मुंबईच्या प्रेक्षकांना चष्मा लावून एका पुरोहिताच्या कवटीत शिरता आले.

त्याआधी युरोपला ममी पाहण्याची एकच पद्धत ठाऊक होती: ती सोडायची. ऑगस्टस ग्रॅनव्हिल या लंडनच्या डॉक्टरने इर्त्येर्सेनू नावाच्या स्त्रीची ममी सहा आठवडे खपून उकलली आणि १८२५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. ममी टिकवण्यासाठी मेण वापरले असावे असा त्याचा समज होता. तो पटवण्यासाठी त्याने त्याच ममीतून काढलेल्या पदार्थाच्या मेणबत्त्या करून व्याख्यानाला लावल्या. बाईला अंडाशयाची गाठ होती, त्यानेच ती गेली, असे त्याचे निदान होते. २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी तिच्या ऊतींमध्ये क्षयरोगाच्या खुणा शोधल्या. ग्रॅनव्हिलने जपून ठेवलेले नमुने शिल्लक होते म्हणून ही दुरुस्ती झाली. बहुतेक ममींच्या बाबतीत तेवढेही उरले नाही.

ग्रॅनव्हिलचा हेतू तरी वैद्यकीय होता. १८३० च्या दशकात थॉमस पेटिग्रू या शल्यचिकित्सकाने ममी सोडण्याचे जाहीर कार्यक्रमच केले. लोक तिकिटे काढून येत. १८३४ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधल्या अशा एका कार्यक्रमाला इतकी गर्दी झाली की कँटरबरीच्या आर्चबिशपनाही जागा मिळाली नाही. १९०८ मध्ये मँचेस्टरमध्ये मार्गारेट मरे यांनी 'दोन भाऊ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ममींपैकी एक सुमारे पाचशे प्रेक्षकांसमोर उकलली. मरे यांचे काम शिस्तीचे होते, नोंदी काळजीपूर्वक ठेवलेल्या होत्या. पण शिस्तीने सोडलेली पट्टीसुद्धा परत गुंडाळता येत नाही. कोणता ताईत कोणत्या थराखाली होता, कुठली घडी आधी पडली, राळ कुठे गळली, हे पाहण्याची संधी एकदाच मिळते. त्या तासात जे सुटले ते कायमचे सुटले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडांवर बोटातली अंगठी काळी उठून दिसत होती. पुढच्या काही महिन्यांतच फ्रँकफुर्टमध्ये वॉल्टर क्योनिग यांनी एका इजिप्शियन बालकाची आणि एका मांजराची ममी या किरणांखाली ठेवली. डॉक्टर मोडलेल्या हाडांसाठी हे तंत्र वापरू लागले, तेव्हाच पुरातत्त्वाचाही त्याच्यावर हक्क सांगून झाला होता. १८९० चे दशक संपायच्या आत पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनीही इजिप्तमधल्या अवशेषांची क्ष-किरण चित्रे प्रसिद्ध केली.

या चित्रांची एक अडचण होती. क्ष-किरण चित्र म्हणजे सावली. शरीराच्या पुढचे, मागचे, मधले सगळे एकाच पत्र्यावर एकावर एक पडते. जिवंत माणसाच्या बाबतीत डॉक्टरांना शरीराची ओळख असते. ममीत राळ असते, तागाच्या घड्या असतात, पोटात परत ठेवलेली गाठोडी असतात, आणि प्रत्येक गोष्ट दुसरीत मिसळते. १९६७ पासून मिशिगन विद्यापीठाच्या जेम्स हॅरिस यांच्या पथकाने कैरोच्या वस्तुसंग्रहालयातल्या राजममींची क्ष-किरण तपासणी केली. १९६८ मध्ये लिव्हरपूलचे आर. जी. हॅरिसन तूतनखामूनच्या थडग्यातच यंत्र घेऊन गेले. त्यांच्या चित्रांत राजाच्या कवटीत हाडाचा एक सुटा तुकडा दिसला. त्या तुकड्याभोवती डोक्यावर घाव घालून केलेल्या खुनाची कथा उभी राहिली. पुस्तके निघाली, संशयितांची नावे ठरली. एका सावलीच्या आधारावर एका किशोर राजाचा खून जवळपास चाळीस वर्षे चालू राहिला.

सावलीतून सुटका करणारे यंत्र आले ते ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीच्या प्रयोगशाळेतून. गॉडफ्री हाउन्सफील्ड हे तिथले अभियंते. वस्तूच्या भोवती फिरत वेगवेगळ्या कोनांतून किरण सोडले आणि पलीकडे पोचलेल्या किरणांची मोजमापे संगणकाला दिली, तर मधल्या प्रत्येक बिंदूची घनता काढता येईल, ही त्यांची कल्पना. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र निघाले. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि या गणिताचा पाया घालणारे अ‍ॅलन कॉर्मॅक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

काकडीच्या पातळ चकत्या कापाव्यात तसे सीटी स्कॅन शरीराचे आडवे छेद देते, फक्त सुरी न लावता. प्रत्येक छेदातल्या प्रत्येक बिंदूला घनतेचा एक आकडा असतो. हवेला उणे १०००, पाण्याला शून्य, हाडाला काही शे ते हजारापुढे, धातूला त्याहून वर. ही मोजपट्टी हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखली जाते. छेद एकावर एक रचले की संगणकात पूर्ण देह उभा राहतो. मग 'एवढ्या घनतेच्या खालचे सगळे लपव' असे सांगितले की ताग नाहीसा होतो. आकडा वाढवला की कातडी जाते, आणखी वाढवला की फक्त हाडे आणि दागिने उरतात.

ममीचे काही गुण या यंत्राला फार सोयीचे ठरले. ती हलत नाही, श्वास घेत नाही, त्यामुळे चित्र धूसर होत नाही. जिवंत रुग्णाला देता येणार नाही एवढे किरण देऊन अतिशय बारीक छेद घेता येतात. एमआरआयचे मात्र याच्या उलट झाले. ते यंत्र ऊतींमधल्या पाण्याच्या भरवशावर चालते, आणि ममी म्हणजे नॅट्रॉन क्षारात पाणी काढून घेतलेला देह. म्हणूनच इतिहासाने सीटीचा हात धरला.

पहिले पाऊल टोरंटोत पडले. १९७४ मध्ये तिथे नख्त नावाच्या विणकर मुलाच्या ममीचे शवविच्छेदन झाले होते आणि त्याचा मेंदू जपून ठेवलेला होता. १९७६ मध्ये बालरोग रुग्णालयातल्या डॉ. डेरेक हार्वुड-नॅश यांनी तो सीटी यंत्रात ठेवला. मग पाळी आली जेदमातेसआंखची. ही थीब्जच्या अमुन मंदिरातली गायिका-वादिका, नवव्या शतकातली, अर्थात इसवी सनापूर्वी. तिची शवपेटी इतकी देखणी होती की ती उघडण्याची कुणाची छाती झाली नव्हती. स्कॅनमध्ये तिच्या जबड्यात दाताच्या मुळाशी झालेला मोठा गळू दिसला. त्या काळी अशा गळूने रक्तात विष भिनून माणूस दगावणे अवघड नव्हते. शवपेटी जशीच्या तशी बंद होती आणि डॉक्टर तिच्या दातदुखीबद्दल बोलत होते.

हिमनदीतल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे; त्याला पट्ट्या नव्हत्याच. सप्टेंबर १९९१ मध्ये आल्प्समध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर बर्फातून एक देह वर आला. ओट्झी असे नाव पडलेल्या या माणसाचे वय पाच हजार वर्षांहून जास्त निघाले. दहा वर्षे तो थंडीने, थकव्याने मेला असावा असेच मानले गेले. २००१ मध्ये बोलझानोच्या रुग्णालयातले रेडिऑलॉजिस्ट पॉल गोस्टनर यांना एका क्ष-किरण चित्रात डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाचे टोक दिसले. नंतरच्या सीटी स्कॅनने बाणाने खांद्याकडची मोठी रक्तवाहिनी फाडल्याचे दाखवले. तोपर्यंत किती तज्ज्ञांनी तो देह पाहिला होता, हे लक्षात घेतले की रेडिऑलॉजिस्टच्या सवयीच्या नजरेची किंमत कळते. रोज जखमा वाचणाऱ्याला जे दिसते ते इतिहासकाराला दिसेलच असे नाही, आणि जे डॉक्टरला खटकते त्याचा अर्थ इतिहासकाराशिवाय लागत नाही.

हे दोघे एकत्र आल्यावर काय होते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नेस्पेरेन्नुब हा इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराचा कर्नाकचा पुरोहित, चंद्रदेव खोन्सूच्या मंदिरात सेवा करणारा. त्याची ममी म्युझियमने १८९९ मध्ये घेतली. ती कधीही सोडली गेली नाही. १९६० च्या दशकात क्ष-किरणांनी तिची तपासणी झाली, तेव्हा डोक्याशी काहीतरी विचित्र दिसले. काय ते कळेना. सावली होती, आकार होता, अर्थ नव्हता.

नव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची शवपेटी लंडनच्या मज्जासंस्थेच्या राष्ट्रीय रुग्णालयात नेण्यात आली. दीड हजारांहून अधिक छेद घेतले गेले. म्युझियमचे जॉन टेलर आणि एसजीआय या संगणक कंपनीचे तज्ज्ञ यांनी त्यातून पूर्ण देह त्रिमितीत उभा केला. डोक्यामागची ती वस्तू आता स्पष्ट होती: मातीची एक ओबडधोबड वाटी. ममी तयार करताना ओतलेली राळ ओघळून खाली सांडू नये म्हणून ती डोक्याखाली ठेवली असणार. राळ घट्ट झाली, वाटी कवटीला चिकटली आणि कारागिरांनी ती तशीच ठेवून वर पट्ट्या गुंडाळल्या. जवळपास अठ्ठावीसशे वर्षे कुणाला पत्ता लागला नाही. कोणत्याही मंत्रग्रंथात, कोणत्याही चित्रात नसलेला एका कार्यशाळेतला निष्काळजी क्षण असा हाती आला. ताईत, खोबणीतले कृत्रिम डोळे, कपाळावरचा सर्प हे सगळे दिसलेच. पण त्या वाटीने इजिप्तच्या कारागिरांना माणूस केले.

२००४ मध्ये या कामातून ‘ममी: द इनसाइड स्टोरी’ हे प्रदर्शन उभे राहिले. प्रेक्षक विशेष चष्मे लावून वक्र पडद्यासमोर बसत आणि पट्ट्यांच्या थरांतून, कातडीतून, कवटीच्या पोकळीत प्रवास करत. हीच आभासी वास्तवाची वस्तुसंग्रहालयातली खरी दीक्षा. डॉक्टर एका छेदाकडे पाहतो तेव्हा बाकीचे शेकडो छेद तो मनात जुळवत असतो. ती सवय सामान्य प्रेक्षकाला नसते. त्याला देह अवकाशात, खोलीसह, स्वतःच्या हालचालीबरोबर फिरताना दिसला तरच समजतो. त्यामुळे आभासी वास्तव इथे नुसती करमणूक नव्हते; विज्ञानाने मिळवलेले ज्ञान सर्वांना वाचता यावे यासाठी केलेले ते लिप्यंतर होते.

नेस्पेरेन्नुब मुंबईलाही येऊन गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये हे प्रदर्शन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भरले आणि मार्च २०१३ पर्यंत चालले. काळा घोड्याच्या त्या घुमटाखाली शाळांच्या सहलींमधली मुले चष्मे लावून कर्नाकच्या पुरोहिताच्या डोक्यात शिरली आणि मग बाहेर येऊन शवपेटीतल्या खऱ्या, बंद ममीसमोर उभी राहिली. आधी आतले पाहिले आणि मग न उघडलेले पाहिले, हा क्रम महत्त्वाचा होता. ममीपुढे उभे राहिल्यावर 'उघडून दाखवा' असे मनात येते. इथे ती इच्छा आधीच भागली होती, आणि समोर एक मृत माणूस होता, त्याच्या लोकांनी बांधला तसा.

त्याच काळात लंडनमध्ये आणखी एक प्रयोग झाला. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलेन इथल्या वाळूत आपोआप सुकलेला, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा एक देह १९०१ पासून प्रदर्शनात आहे. २०१२ मध्ये त्याचे सीटी स्कॅन झाले. तो अठरा ते एकवीस वर्षांचा तरुण निघाला. त्याच्या डाव्या खांद्याच्या हाडाला छेद गेला होता, खालची बरगडी फुटली होती. त्याला पाठीत भोसकले होते. प्रतिकार करताना हातांवर होणाऱ्या जखमा दिसल्या नाहीत, म्हणजे हल्ला बेसावध क्षणी झाला असावा. एका शतकाहून अधिक काळ लाखो लोक काचेपलीकडून त्याच्याकडे पाहत होते आणि त्या पाठीतली जखम कुणाला दिसली नव्हती. म्युझियमने शेजारी एक मोठे स्पर्शपटल ठेवले. प्रेक्षक बोटाने देह फिरवत, कातडी बाजूला सारत, छेद घेत. हे 'आभासी शवविच्छेदनाचे टेबल' स्वीडनमध्ये लिंक्योपिंग विद्यापीठ आणि नॉर्क्योपिंगचे दृश्यांकन केंद्र यांच्या कामातून आले, मुळात डॉक्टर आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ यांच्यासाठी. रुग्णालयातले साधन पुन्हा एकदा पुरातत्त्वाच्या दालनात आले होते.

तूतनखामूनच्या खुनाचा निकालही सीटीनेच लावला. ५ जानेवारी २००५ रोजी राजांच्या खोऱ्यात एका फिरत्या गाडीतल्या यंत्रात राजाची ममी गेली आणि पंधरा मिनिटांत सुमारे १,७०० छेद घेतले गेले. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या पथकाला कवटीत १९६८ च्या चित्रांतले हाडाचे तुकडे दिसले, पण ते राळेत रुतलेले नव्हते. म्हणजे राळ ओतली गेली तेव्हा ते मोकळे नव्हते. बहुधा नंतर, थडगे उघडल्यानंतरच्या हाताळणीत ते सुटले. कुणी डोक्यात घाव घातला नव्हता. डाव्या मांडीच्या हाडाचा मोडलेला भाग मात्र मृत्यूच्या थोडेच आधीचा असू शकत होता. राजाला एकोणिसाव्या वर्षी नेमके कशाने गाठले, यावर आजही मतभेद आहेत. मात्र एक आरोप पडला, आणि तो पाडण्यासाठी ममीवर दुसऱ्यांदा सुरी चालवावी लागली नाही. पहिल्या खेपेला, १९२५ मध्ये, शरीररचनाशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांना राळेने शवपेटीला चिकटलेला देह सोडवण्यासाठी तो तुकड्यांत कापावा लागला होता.

या साऱ्या प्रवासाचे शिखर म्हणावे असे काम कैरोत २०१९ मध्ये झाले आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. पहिला अमेनहोतेप हा इसवी सनापूर्वीच्या सोळाव्या शतकाच्या अखेरचा राजा. १८८१ मध्ये देर अल-बहारीच्या गुप्त साठ्यात त्याची ममी सापडली, तेव्हा ती फुलांच्या माळांनी वेढलेली होती आणि चेहऱ्यावर रंगीत मुखवटा होता. शवपेटीत फुलांच्या वासाने आलेली एक गांधीलमाशीही सुकून राहिली होती. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गास्तों मास्पेरो यांनी तिचे सौंदर्य पाहून ती न उघडण्याचे ठरवले. त्या काळात इतर राजांच्या पट्ट्या एकामागून एक सुटत होत्या. एक अमेनहोतेप तेवढा राहिला.

कैरो विद्यापीठाच्या रेडिऑलॉजीच्या प्राध्यापक सहर सलीम यांनी सीटीच्या छेदांतून त्याच्या पट्ट्या पडद्यावर एकेक थराने सोडल्या. राजा साधारण पस्तीस वर्षांचा, १६९ सेंटीमीटर उंच, हनुवटी अरुंद, नाक लहान, दात उत्तम. कवटीत मेंदू अजून होता. अंगावर आणि पट्ट्यांमध्ये तीस ताईत होते, आणि कमरेला सोन्याच्या ३४ मण्यांचा पट्टा. मृत्यूचे कारण सांगणारी जखम किंवा रोग दिसला नाही. मोठी गोष्ट पुढे होती. थडगेचोरांनी ममी फाडली होती आणि चारेक शतकांनी एकविसाव्या राजवंशातल्या पुरोहितांनी ती पुन्हा बांधली, हे शवपेटीवरच्या लेखातून कळत होते. या पुरोहितांनी जुन्या राजांचे दागिने नव्या राजांसाठी काढून घेतले असावेत असा एक समज होता आणि खुद्द सलीम यांनाही तसे वाटत असे. स्कॅनमध्ये दिसले ते वेगळे: मानेपासून तुटलेले डोके राळ लावलेल्या तागाच्या पट्टीने नीट बसवलेले, सैल झालेले अवयव सांभाळून जागेवर ठेवलेले, आणि दागिने तसेच. त्या पुरोहितांवरचा चोरीचा संशय निदान या राजापुरता धुवून निघाला. मास्पेरोंनी माळा बाजूला सारून पट्ट्या कापल्या असत्या, तर हे दुरुस्तीचे काम आधी त्यांच्याच कात्रीने नष्ट झाले असते.

ज्या गणिताने ममी उलगडली त्याच गणिताने पुढे गुंडाळ्या उलगडल्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात हर्क्युलेनियमच्या एका हवेलीतले ग्रंथालय जळून कोळसा झाले. १७५२ पासून त्या पपायरसच्या गुंडाळ्या सापडत गेल्या. अंतोनियो पियाज्यो या व्हॅटिकनमधून आलेल्या पाद्र्याने रेशमी दोऱ्यांचे यंत्र बनवून त्या मिलीमीटर-मिलीमीटरने उलगडल्या. तरी कितीतरी हातात चुरा झाल्या. ममी सोडणाऱ्यांची आणि गुंडाळी सोडणाऱ्यांची चूक एकच होती: आतले वाचण्यासाठी बाहेरचे मोडावेच लागते ही खात्री.

केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स यांनी या मोडतोडीला पर्याय शोधण्यात दोन दशके घालवली. इस्राएलमधल्या एन-गेदी इथे १९७० मध्ये एका जळालेल्या प्रार्थनागृहात सापडलेली गुंडाळी त्यांनी सूक्ष्म सीटीच्या छेदांतून संगणकात सपाट केली. २०१५ मध्ये तिच्यातून लेवीय या ग्रंथाच्या सुरुवातीची हिब्रू अक्षरे वाचली गेली. तिथली शाई किरणांना वेगळी दिसत होती. हर्क्युलेनियमची शाई काजळीची, आणि पपायरसही कोळसा. घनता जवळपास सारखी, त्यामुळे अक्षर दिसेना. २०२३ मध्ये सील्स आणि सहकाऱ्यांनी कणत्वरकात घेतलेले स्कॅन सर्वांसाठी खुले केले आणि बक्षीस लावले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ल्यूक फॅरिटर या अमेरिकन विद्यार्थ्याने स्वतः शिकणाऱ्या संगणक-प्रणालीच्या मदतीने पहिला पूर्ण शब्द वाचला: ग्रीक भाषेतला 'जांभळा'. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन तरुणांच्या संघाने दोन हजारांहून अधिक अक्षरे वाचून सात लाख डॉलरचे पारितोषिक मिळवले. मजकूर सुखाबद्दलचा होता. अन्न, संगीत आणि दुर्मिळ वस्तूंनी आनंद वाढतो का, असा विचार त्यात होता.

महाराष्ट्राचा या कहाणीतला सर्वांत ठोस धागा पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा. हरियाणातले राखीगढी हे सिंधू संस्कृतीचे विशाल नगर. तिथल्या दफनभूमीत डेक्कन कॉलेज आणि सोल राष्ट्रीय विद्यापीठ यांच्या पथकाने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या दोन व्यक्तींच्या कवट्यांचे सीटी स्कॅन करून त्यावरून त्यांचे चेहरे संगणकात घडवले गेले. ते काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मोहेंजोदडोच्या मूर्तींपलीकडे त्या लोकांचे रूप कसे असेल याचा शास्त्रीय पद्धतीने केलेला अंदाज प्रथमच लोकांसमोर आला. त्याच वर्षी त्याच दफनभूमीतल्या एका स्त्रीच्या डीएनएवरचा निबंधही निघाला. डीएनएसाठी हाडाचा तुकडा खर्ची पडतो. स्कॅनसाठी काहीच खर्ची पडत नाही. म्हणून आता अनेक संस्था हाडाला भोक पाडण्याआधी त्याची त्रिमितीय नोंद करून घेतात.

या चेहऱ्यांबद्दल मात्र सावध राहायला हवे. कवटीवरून नाकाची रुंदी, जबड्याची ठेवण, डोळ्यांमधले अंतर काढता येते. कातडीचा रंग, केस, ओठांची भरीवता हाड सांगत नाही. वर्तमानपत्रात चेहरा छापून येतो तेव्हा मोजलेले आणि कल्पिलेले एकाच रंगात असते. आभासी वास्तवाच्या दालनात हा धोका वाढतो, कारण तिथे प्रेक्षक चित्राकडे पाहत नाही, तो चित्रात असतो. राणी नेफरतारीच्या थडग्याची आभासी सफर २०१८ पासून घरबसल्या घेता येते आणि त्या भिंतींना श्वासातल्या ओलाव्याचा त्रास होत नाही, हे उत्तमच. पण जिथे मूळ रंग उडाला आहे तिथे पुनर्रचनाकाराने काय भरले, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे.

छेद वाचण्यातही चुका होतात. एप्रिल २०२१ मध्ये वॉर्सातल्या संशोधकांनी एका ममीच्या ओटीपोटात गर्भ असल्याचे जाहीर केले. जगातली पहिली गर्भवती ममी म्हणून ती बातमी सर्वत्र गेली. सहर सलीम यांनी त्याच प्रतिमा पाहून हरकत घेतली, की हे गर्भाचे नव्हे, ममी करताना आत ठेवलेल्या गाठोड्यांचे आकार आहेत. पुढे तज्ज्ञांच्या मोठ्या गटाने छेद पुन्हा तपासून गर्भ नसल्याचाच निर्वाळा दिला. हा वाद सुटला कारण मूळ छेद उपलब्ध होते. पेटिग्रूच्या प्रेक्षकांपैकी कुणी दुसऱ्या दिवशी येऊन 'तो थर पुन्हा दाखवा' म्हणू शकला नसता.

आपल्याकडे कोलकाता, जयपूर, हैदराबाद, बडोदा इथल्या वस्तुसंग्रहालयांत इजिप्शियन ममी आहेत. बडोद्याची सयाजीराव महाराजांच्या काळात आली. हैदराबादच्या ममीचे सीटी स्कॅन २०१६ मध्ये झाले. पण या पद्धतीची खरी गरज आपल्याच मातीत आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली पुरलेली मुले सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बालकाचा देह. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला प्रौढही तिथे मिळाला. युरोपात असे कुंभ आता माती भरलेल्या स्थितीतच सीटी यंत्रात नेतात. आत हाडे कशी पडली आहेत, मणी कुठे आहेत, हे आधी पाहून मगच माती काढतात. सीटी यंत्रे आज महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणीही आहेत आणि रात्री उशिरा त्यांपैकी अनेक रिकामी असतात. पुढचा रांजण सापडेल तेव्हा पुरातत्त्व विभाग, विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्यात आधीच करार झालेला असावा: खोदणाऱ्याने वस्तू हलवण्याआधी नोंद करायची, रेडिऑलॉजिस्टने मूळ छेद न गाळता द्यायचे, आणि ते छेद एका सार्वजनिक ठिकाणी, पुढच्या अभ्यासकाला उघडता येतील अशा स्वरूपात ठेवायचे.